काष्टीहून वाणारसीला

'काशीस जावे नित्य वदावे' अशी म्हण ज्या भाषेत आहे, तिच्यात वदणारे फार आणि जाणारे थोडे असणार हे उघड आहे. श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीकराला तर वदणे आणखी सोपे; मध्ये एक ट काय तो आडवा येतो. जनावरांच्या बाजारामुळे ठाऊक असलेले हे गाव दौंड–मनमाड लोहमार्गावर आहे आणि पुण्याहून बनारसला जाणारी ज्ञानगंगा याच रुळांवरून जाते. बरीच वर्षे नुसते वदून झाल्यावर यंदा ती यात्रा घडली. (यात्रा आपण करत नाही, ती घडते. मराठीचा हा संकोच मला आवडतो.) वाटभर डोक्यात ही दोन नावे फिरत होती.

काष्टीच्या मुळाशी 'काष्ठ' म्हणजे लाकूड, असे चटकन सुचते. पण संस्कृत ष्ठ प्राकृतात ट्ठ होतो आणि मराठीत त्याचा नुसता ठ उरतो. पृष्ठाची पाठ झाली, गोष्ठाचा गोठा, काष्ठिकेची काठी. तेव्हा जुन्या वळणाने आलेले नाव 'काठी' व्हायला हवे होते. मधला ष टिकला आहे, त्याअर्थी मूळ बोलीतले 'कास्टी' असावे आणि लिहिणाऱ्याने त्याला सोवळे नेसवले असावे. कास्टी म्हणजे लंगोटी, काष्ट्याची धाकटी बहीण. कासोट्यातली 'कास' संस्कृत कक्षेवरून आलेली दिसते. जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीला कुणी हे नाव दिले असेल का? तर्क माझा आहे, हट्ट नाही.

मोह होतो तो 'काष्ठा'चा. निरुक्तात यास्क या एका शब्दाचे अर्थ मोजत जातो: दिशा, उपदिशा, सूर्य, शर्यतीची शेवटची खूण, पाणीसुद्धा. व्युत्पत्ती सगळ्यांना एकच लावतो, 'क्रान्त्वा स्थिता', ओलांडून जाऊन उभी राहिलेली. आपण फक्त 'पराकाष्ठा' ठेवली, तीही प्रयत्नांपुरती. गावाशी तिचा संबंध नसावा. असता तर बरे झाले असते.

काशी त्या मानाने सरळ. 'काश्' म्हणजे प्रकाशणे, असे सारेच सांगतात. मात्र काशी हे आधी लोकांचे आणि जनपदाचे नाव. नगरी ती वाराणसी. देशाचे नाव आपण शहरावर घातले आणि ते तिथेच रुळले. सरकारने 1956 साली 'वाराणसी' पक्के केले, तरी रेल्वेने काहीच टाकलेले नाही. त्या शहरात काशी, वाराणसी आणि 2021पासून बनारस (पूर्वीचे मंडुवाडीह) अशी तीन वेगवेगळी स्थानके आहेत. कोशातल्या पर्यायी शब्दांना स्वतंत्र फलाट मिळाल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

'बनारस' हा कुणा परक्याच्या जिभेने केलेला अपभ्रंश, असा समज आहे. बाराव्या शतकातला हेमचंद्र आपल्या प्राकृत व्याकरणात सांगतो की 'वाराणसी'तले र आणि ण जागा बदलतात, म्हणून वाणारसी. व चा ब आणि ण चा न झाला की बनारस फार लांब राहत नाही. गंमत पुढच्याच सूत्रांत आहे. अचलपुरातले च आणि ल उलटून अलचपुर होते, म्हणजे आपले एलिचपूर. आणि महाराष्ट्रातले ह आणि र उलटून 'मरहट्ठ'. मराठा आणि बनारस हे एकाच उलथापालथीचे लाभार्थी आहेत! चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंनी विश्वनाथाचे मंदिर उभारले, त्याच्या कितीतरी आधी व्याकरणात हे शेजारी झाले होते.

घरच्यांनी मागितला होता शालू. शाटीची साडी झाली हे ठीक, पण शालूच्या मागे फारसी 'शाल' असावी. दुकानदाराने उलगडलेले सगळे शालू सहावारी निघाले. काष्ट्याला नऊ वार लागतात. ते वेगळे विणवून घ्यावे लागेल, म्हणाला.