गॅल्व्हेस्टनचा शनिवार

८ सप्टेंबर १९०० हा शनिवार होता. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या किनाऱ्यालगत, मेक्सिकोच्या आखातात गॅल्व्हेस्टन नावाचं एक लांबट, चिंचोळं बेट आहे. त्या सकाळी तिथल्या पोरांची चंगळ होती. समुद्राचं पाणी रस्त्यावर आलं होतं आणि पोरं त्यात फळकुटांच्या होड्या करून खेळत होती. मोठी माणसंही लाटा बघायला किनाऱ्यावर जमली होती. काळजी करण्यासारखं काही असेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. संध्याकाळ झाली आणि रात्र उलटली, तेव्हा त्या ३७-३८ हजार वस्तीच्या गावातली हजारो माणसं नाहीशी झाली होती. किती, ते नक्की कधीच कळलं नाही. सहा हजार ते बारा हजार असे अंदाज आहेत. साधारणपणे आठ हजार हा आकडा धरतात. अमेरिकेच्या इतिहासात नैसर्गिक आपत्तीनं एका वेळी इतकी माणसं नेल्याचं दुसरं उदाहरण नाही.

आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो त्यालाच अटलांटिकच्या बाजूला ‘हरिकेन’ म्हणतात. शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा; स्पॅनिश खलाशांनी तो उचलला. आपला ‘तुफान’ अरबी-फारसीतून आला. वादळांची नावंसुद्धा वादळांसारखीच समुद्र ओलांडून येतात, एवढंच एका शब्दवेड्या माणसाचं निरीक्षण.

गॅल्व्हेस्टन तेव्हा श्रीमंत होतं. कापसाचं मोठं बंदर, बड्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या, वीज, ट्राम, सगळं होतं. नव्हती ती फक्त उंची. गावातली सर्वांत उंच जागा समुद्रापासून जेमतेम नऊ फूट. त्याच किनाऱ्यावरचं इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ अशा दोन वादळांनी पार संपवलं होतं. तेव्हा गॅल्व्हेस्टनमध्येही समुद्राला भिंत घालावी अशी चर्चा झाली आणि ती चर्चेतच विरली.

इथे आयझॅक क्लाइन हा माणूस येतो. तो सरकारी हवामान खात्याचा गावातला अधिकारी. हुशार, कष्टाळू, स्वतःच्या शास्त्रावर गाढ विश्वास असलेला. १८९१ साली त्यानं स्थानिक वर्तमानपत्रात लेख लिहिला, की वादळ या गावाचं मोठं नुकसान करील ही भीती म्हणजे निव्वळ भ्रम आहे. कारण काय? इथला समुद्रतळ हळूहळू उतरत जातो, म्हणून लाटांचा जोर किनाऱ्याआधीच मोडेल. प्रत्यक्षात असतं उलटं. उथळ उताराच्या किनाऱ्यावर वादळानं ढकललेल्या पाण्याला खाली जायला जागाच मिळत नाही, म्हणून ते वर चढतं. लोकांनी साहेबाचा लेख वाचला आणि ते निर्धास्त झाले.

दुसरी गोष्ट क्यूबातली. हवाना शहरात जेझुइट पाद्र्यांची वेधशाळा होती. बेनितो व्हिन्येस या पाद्र्यानं १८७० पासून तिथे बसून, उंचावरच्या पिसासारख्या ढगांची दिशा बघून वादळाचा माग काढण्याची विद्या तयार केली. १८९३ साली तो वारला, पण त्याचे वारस ती चालवत होते. १८९८ च्या युद्धानंतर क्यूबा अमेरिकेच्या ताब्यात आला आणि तिथे अमेरिकन हवामान खात्याची माणसं बसली. क्यूबातले लोक उगाच घबराट पसरवतात असं या खात्याचं मत. म्हणून १९०० च्या ऑगस्टअखेर त्यांच्या हवामानाच्या तारा सरकारी तारयंत्रावरून पाठवायलाच बंदी आली. सप्टेंबरच्या सुरुवातीला वादळ क्यूबावरून गेलं. अमेरिकन खातं म्हणालं, ते आता फ्लोरिडाकडे वळून अटलांटिकमध्ये जाईल. हवानाचे पाद्री म्हणाले, ते टेक्सासकडे निघालंय. पाद्री बरोबर होते. मला राग येतो तो चुकीच्या अंदाजाचा नव्हे, अंदाज कुणाचाही चुकतो. दुसऱ्याचं तोंड बंद केलं, त्याचा येतो.

त्या शनिवारी दिवसभर वारा उत्तरेकडून वाहत होता, त्यामुळे खाडीचं पाणी मागून गावात शिरत होतं आणि समोरून आखाताच्या लाटा येत होत्या. वाऱ्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास गेला तेव्हा मापनयंत्रच उडालं. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, क्लाइननं नोंदवल्याप्रमाणे, पाणी चार सेकंदांत चार फूट चढलं. शेवटी ते पंधरा फुटांच्या वर गेलं. त्याच्या भक्कम घरात सुमारे पन्नास माणसं आसऱ्याला आली होती. रुळांसकट वाहत आलेला रेल्वेपुलाचा सांगाडा त्या घरावर आदळला. त्यातली अठराच वाचली. क्लाइन आणि त्याच्या तीन मुली वाचल्या. गरोदर बायको गेली. काही आठवड्यांनी ढिगाऱ्याखाली ती सापडली, ओळख पटली बोटातल्या अंगठीवरून.

गावाच्या पश्चिमेला, अगदी किनाऱ्यावर, सेंट मेरीज अनाथालय होतं. ९३ मुलं आणि दहा नन. पाणी चढू लागलं तशी सगळी मुलींच्या इमारतीत आली, कारण ती जास्त मजबूत होती. मुलांनी घाबरू नये म्हणून ननांनी त्यांना स्तोत्र म्हणायला लावलं. मग कपडे वाळत घालायच्या दोरीचे तुकडे केले आणि प्रत्येकीनं काही मुलं आपल्या कमरेला बांधून घेतली. पाण्यात कुणी सुटू नये म्हणून. इमारत कोसळली. तीन मोठी मुलगे तेवढी वाहत जाऊन एका झाडाला लटकली नि वाचली. बाकीची नंतर वाळूत सापडली तेव्हा दोरी तशीच होती.

मेलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न भयंकर होता. सुमारे सातशे प्रेतं पडावात घालून, वजनं बांधून समुद्रात सोडली. ती चढवायला काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकानं जुंपलं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी समुद्रानं ती प्रेतं परत किनाऱ्यावर आणून टाकली. मग चिता पेटल्या, त्या कित्येक आठवडे पेटत राहिल्या.

गावानं मात्र जागा सोडली नाही. १९०२ ते १९०४ या काळात सतरा फूट उंचीची भिंत उभी राहिली. पुढे सात-आठ वर्षं जे चाललं ते मला भिंतीहूनही थक्क करतं. गावच वर उचललं! दोन हजारांवर इमारती जॅकवर चढवल्या, तीन हजार टनांचं एक चर्चसुद्धा, आणि खाली वाळूमिश्रित पाणी पाइपांनी सोडून भराव केला. लोक लाकडी फळ्यांवरून घरोघर जात होते. घर उचलायचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. बागा नि झाडं खाऱ्या वाळूखाली गेली. १९१५ साली तशाच जोराचं वादळ आलं तेव्हा गावात दहा-बारा माणसं दगावली. व्यापार मात्र हातचा गेला होता. १९१४ साली ह्यूस्टननं खोल कालवा काढला आणि जहाजं आत निघून गेली.

क्लाइनची बदली न्यू ऑर्लिन्सला झाली. वादळाआधी आपण घोडागाडीतून किनाऱ्यावर फिरून लोकांना सावध केलं, असं तो शेवटपर्यंत सांगत असे. इतिहासकारांना त्याबद्दल शंका आहे. पण उरलेली नोकरी त्यानं वादळात समुद्र का आणि किती चढतो याच अभ्यासात घालवली, १९२६ साली त्यावर ग्रंथ लिहिला आणि १९५५ साली, नव्वदी ओलांडून, तो वारला. अनाथालय चालवणाऱ्या त्या संघाच्या नन आजही दर ८ सप्टेंबरला, जिथे असतील तिथे, मुलांना म्हणायला लावलेलं ते स्तोत्र म्हणतात.