टाकीत ‘६२’ म्हणजे नेमकं किती पाणी? बिल्डिंगच्या डेटाला टॅग का लागतात

समजा, लातूरमध्ये एक चार मजली हॉस्पिटल आहे. रात्रीचे दोन वाजलेत. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर एक ओळ लाल झालीये, ‘टीके२_एलटी१ : ६२’. ड्युटीवरचा ऑपरेटर नवा आहे. त्याला एवढं कळतंय की कुठल्यातरी टाकीची पातळी दिसतेय. पण ६२ काय? टक्के, सेंटिमीटर की हजार लिटर? आणि ‘टीके२’ म्हणजे गच्चीवरची टाकी की खालचा हौद? ज्यानं ही नावं टाकली तो इंजिनिअर दोन वर्षांपूर्वीच पुण्याला नोकरीला गेला.

हे हॉस्पिटल काल्पनिक आहे, पण अडचण अगदी खरी आहे. आणि टाकीत पाणी किती हा प्रश्न लातूरमध्ये कुणी हलक्यात घेत नाही. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यात साधारण ५ लाख लिटर पाणी. एरवीही नळाचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच हौदात पडतं. त्यामुळे कुठलं पाणी किती आलं आणि किती उरलं, याचा हिशेब ठेवावाच लागतो.

मोठ्या इमारतींमध्ये हा हिशेब बीएमएस, म्हणजे बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम ठेवते. एसी, पंप, जनरेटर, लिफ्ट, फायर अलार्म या सगळ्यांना सेन्सर जोडलेले असतात आणि त्यांचे आकडे एका जागी येतात. अशा प्रत्येक आकड्याला किंवा हुकमाला ‘पॉइंट’ म्हणतात. हौदाची पातळी हा एक पॉइंट, पंप चालू की बंद हा दुसरा, ऑपरेशन थिएटरचं तापमान तिसरा. मोठ्या हॉस्पिटलात किंवा मॉलमध्ये असे पॉइंट हजारोंच्या घरात जातात.

आता तुम्ही म्हणाल, मशीन एकमेकांशी बोलतात ना, मग अडतंय कुठं?

मशीन बोलायला लागल्या, पण नावं कोण ठेवणार?

पूर्वी खरंच बोलत नव्हत्या. एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या चिलरशी बोलायचा नाही. त्यावर अमेरिकेतल्या ‘अ‍ॅश्रे’ या एसी आणि रेफ्रिजरेशनवाल्या इंजिनिअरांच्या संघटनेनं १९८७ मध्ये काम सुरू केलं आणि १९९५ मध्ये ‘बॅकनेट’ नावाचं स्टँडर्ड आलं. पुढं २००३ मध्ये ते आयएसओ स्टँडर्डही झालं. आज नव्या इमारतींमध्ये बॅकनेट अगदी सर्रास दिसतं.

बॅकनेटमुळे ‘६२’ हा आकडा इकडून तिकडं नीट पोहोचतो. कुणी भरलं असेल तर त्याचं एककही सोबत येतं. पण हा आकडा कुठल्या टाकीचा, त्या टाकीत पाणी कुठून येतं, ती कुठल्या वॉर्डाला पाणी देते, हे त्यातून कळत नाही. ते सगळं पॉइंटच्या नावात कोंबलेलं असतं. आणि नाव ठेवणार ठेकेदार, आपल्या सवयीनं. एकजण ‘सॅट’ लिहितो ते सप्लाय एअर टेम्परेचरसाठी, दुसरा तेच लिहितो शनिवारच्या वेळापत्रकासाठी. माणूस अंदाजानं ओळखेल एकवेळ. सॉफ्टवेअर कसं ओळखणार?

गावांच्या नावांचंही असंच आहे. नुसतं ‘पिंपळगाव’ लिहून मराठवाड्यात पत्र पोहोचत नाही, तालुका आणि जिल्हा लिहावाच लागतो. म्हणून तर केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीमध्ये प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड आहे. नाव तेच असलं तरी कोड वेगळा, आणि त्या कोडला तालुका, जिल्हा, राज्य जोडलेलं. बिल्डिंगच्या पॉइंटलाही हेच हवं होतं.

गवताच्या गंजीतली सुई

२०११ मध्ये ‘प्रोजेक्ट हेस्टॅक’ सुरू झाला. हेस्टॅक म्हणजे गवताची गंजी, आणि तिच्यात हरवलेली सुई म्हणजे आपल्याला हवा असलेला आकडा. कल्पना हॅशटॅगसारखीच आहे. एक लांबलचक नाव ठेवण्यापेक्षा पॉइंटला सुटे टॅग लावायचे. आपल्या हौदाच्या पॉइंटला ढोबळमानानं ‘वॉटर’, ‘टँक’, ‘लेव्हल’, ‘सेन्सर’, ‘पॉइंट’ असे टॅग लागतील, सोबत एककाचा टॅग. शिवाय हा पॉइंट कुठल्या यंत्राचा आणि कुठल्या इमारतीचा, हे सांगणारे दोन दुवे.

सोशल मीडियावरच्या हॅशटॅगपेक्षा एक मोठा फरक मात्र आहे. तिथं कुणी नांदेड मराठीत लिहितं, कुणी इंग्रजीत, कुणी ‘नांदेडकर’ लिहितं आणि पोस्ट तीन ठिकाणी विखुरतात. हेस्टॅकमध्ये शब्दांची यादी ठरलेली आहे. ‘हौद’, ‘संप’, ‘अंडरग्राऊंड टाकी’ असं ज्याला जे वाटेल ते लिहायची मुभा नाही. मग ‘या इमारतीतल्या सगळ्या पाण्याच्या टाक्यांची पातळी दाखव’ असं विचारलं की उत्तर मिळतं, नाव ‘टीके२’ असो की आणखी काही.

यातली एक गंमत. वेळ कुठली धरायची हे सांगायला हेस्टॅक टाइमझोनमधलं शहराचं नाव वापरतं. भारतासाठी ते शहर कोलकाता. म्हणजे इमारत नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरच्या औसा रोडवर, टॅग लागणार कोलकात्याचाच.

पण सुट्या टॅगला मर्यादा आहेत. कुठला टॅग कुठल्या टॅगबद्दल बोलतोय हे दरवेळी स्पष्ट नसतं आणि दोन माणसं एकाच वस्तूला टॅगचे वेगवेगळे संच लावू शकतात. म्हणून २०१६ मध्ये बर्कली, कार्नेगी मेलन अशा विद्यापीठांतल्या आणि आयबीएमच्या संशोधकांनी ‘ब्रिक’ मांडलं. यात वस्तूंचे प्रकार आधीच ठरवलेले आहेत आणि त्यांच्यातली नातीही. हा पंप या टाकीला पाणी ‘पुरवतो’, ही टाकी त्या मजल्यावर ‘आहे’, हा सेन्सर त्या टाकीचा ‘पॉइंट आहे’. बॅकनेट शेजाऱ्यांना एकमेकांशी बोलायला शिकवतं, हेस्टॅक त्यांना ओळखपत्र देतं, तर ब्रिक थेट वंशावळच काढतं.

त्याचा उपयोग काय, हे ब्रिकवाल्यांनी करून दाखवलं. सहा वेगवेगळ्या इमारतींचे १७,७०० पॉइंट ब्रिकमध्ये मांडले आणि आठ ॲप्लिकेशन त्या इमारतींवर कोडमध्ये काहीही न बदलता चालवली. एरवी प्रत्येक इमारतीसाठी तेच काम पुन्हा करावं लागतं. २०१८ मध्ये बॅकनेटची समिती, हेस्टॅक आणि ब्रिक यांनी मिळून एक सामायिक स्टँडर्ड करायचं जाहीर केलं. अ‍ॅश्रेच्या यादीत त्याचा नंबर २२३.

तोटा कुणाचा होतो?

मालकाचा. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेनं २००४ मध्ये एक अहवाल काढला होता. इमारतींची माहिती एका सिस्टिममधून दुसरीत नीट जात नाही म्हणून तिथं वर्षाला १५.८ अब्ज डॉलरचं नुकसान होतं, असा त्यांचा हिशेब. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भार इमारतीचे मालक आणि ती चालवणारे यांच्यावर. हा हिशेब फक्त बीएमएसचा नाही, त्यात नकाशे आणि बांधकामाची कागदपत्रंही येतात. पण बोजा कुणावर पडतो, ते दिसतं.

आपल्याकडे हे वेगळ्या रूपात येतं. नावांचा अर्थ एकाच ठेकेदाराला माहीत असला की देखभालीचं कंत्राट दरवर्षी त्यालाच द्यावं लागतं. दुसरा आला तर तो आधी सगळे पॉइंट शोधण्याचे पैसे लावणार. १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभार असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आहे. मोठी हॉस्पिटलं, हॉटेलं, मॉल या आकड्याच्या पलीकडे सहज जातात. वीज कुठं वाया जाते हे शोधायचं तर आधी कुठला मीटर कशाचा, हे तरी कळायला हवं.

टॅग लावले म्हणजे जादू होत नाही, हेही खरं. सेन्सरच बिघडला असेल तर ६२ हा आकडा चुकीचाच राहणार, फक्त आता त्याला छान ओळखपत्र असेल. चुकीचा टॅग तर नसलेल्या टॅगपेक्षा वाईट. आणि जुन्या इमारतीत हे काम किचकट असतं. एकानं वर जाऊन पंप चालू करायचा, दुसऱ्यानं खाली स्क्रीनवर कुठला आकडा हलतो ते बघायचं, असं एकेक करत जावं लागतं.

नव्या इमारतीत ते बरंच सोपं आहे, पण मागणी टेंडरमध्येच लिहावी लागते. काम ताब्यात घेताना पॉइंटची पूर्ण यादी, हेस्टॅक किंवा ब्रिकप्रमाणे लावलेले टॅग, प्रत्येक आकड्याचं एकक आणि कुठलं यंत्र कशाला जोडलंय याची नोंद मालकाच्या हातात आली पाहिजे, तीही उघडून वाचता येईल अशा फाइलमध्ये. हे समजणारी माणसं लांबून आणायची गरज नाही. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत इन्स्ट्रुमेंटेशनची शाखा आहे. सेन्सर आणि कंट्रोल हाच तिचा विषय. जुन्या इमारतीत सुरुवात करायची तर आधी टाक्या, पंप आणि विजेचे मीटर घ्यावेत. ते थोडे असतात, डोळ्यांनी दिसतात आणि दोन माणसं एका एक्सेल शीटवर त्यांची यादी तपासून लिहू शकतात. ‘टीके२’ हौद आहे की गच्चीवरची टाकी, ते त्या यादीच्या पहिल्याच काही ओळींत येईल.