तयार उत्तरे आणि कलकत्ता विद्यापीठ

विद्यार्थ्याच्या हाती तयार उत्तर देणारे नवे साधन आले की विद्येचा ऱ्हास ओढवला, असे भाकीत ऐकू येऊ लागते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे संभाषण करणारे यंत्र लोकांसमोर आले, तेव्हाही ते ऐकू आले. प्रश्न विचारावा आणि काही क्षणांत नीटस उत्तर मिळावे, ही सोय विद्यार्थिवर्गात पाहता पाहता रुळली. तिचा अर्थ लावण्यासाठी कलकत्त्याकडे पाहावे. कारण आधुनिक विद्यापीठीय परीक्षा आणि अंकीय गणकयंत्र ही दोन्ही आपल्या देशात प्रथम त्याच नगरीत आली.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी मुंबई आणि मद्रास येथेही विद्यापीठे निघाली. लंडनच्या नमुन्यावर रचलेली ही विद्यापीठे स्वतः शिकवीत नसत. परीक्षा घेत आणि पदव्या देत. १८५८ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेत बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि यदुनाथ बसू हे दोघेच उत्तीर्ण झाले, तेही सवलतीचे गुण मिळून. परीक्षा अशी कठीण, आणि सरकारी नोकरीची वाट तिच्यातूनच जाणारी! साहजिकच टिपणे, संक्षेप आणि ‘गाइडे’ यांचा व्यापार फोफावला. कॉलेज स्ट्रीटवरील दुकानांत थोर ग्रंथांच्या शेजारी ती आजही मांडलेली दिसतात.

या रोगाचे निदान नवे नाही. अध्यापन परीक्षेच्या अधीन झाले आहे, असे १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने बजावले होते. १९१७ साली मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९१९ मध्ये १३ खंडांचा अहवाल दिला. बंगालमधील सुमारे २६,००० विद्यार्थ्यांचे शिक्षण परीक्षेच्या जोखडाखाली कसे दबले आहे, हे त्याने दाखविले.

त्याच १९१७ साली विद्यापीठाने पदव्युत्तर अध्यापनाची नवी घडी बसविली, आणि देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक झाले. त्यांचे वडील रामकृष्णपंत हे मुंबई विद्यापीठाच्या १८६२ मधील पहिल्या पदवीधरांपैकी एक. देवदत्तपंतांची विद्या शिलालेखांची होती. या विद्येत झिजलेल्या अक्षराचा ठसा घ्यावा लागतो, शब्द जुळवावा लागतो, दुसऱ्याचे वाचन मूळ दगडाशी ताडून पाहावे लागते. येथे उत्तरापेक्षा ते कशावरून काढले याला अधिक महत्त्व असते.

पुढे १९५५-५६ च्या सुमारास प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून गणकयंत्र आले. ते केवळ आकडेमोड करी. आजचे यंत्र निबंध लिहिते. गाइड सर्वांना एकच उत्तर देई, म्हणून परीक्षकाला ते ओळखता येई. हे यंत्र प्रत्येकाला निराळे उत्तर देते. ज्याच्या घरात कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याला मध्यरात्री अडलेली संकल्पना न रागावता पुनःपुन्हा समजावून देते. हा लाभ लहान नव्हे. शिकवणीचे शुल्क ज्याला परवडत नाही, त्याला विचारा! परंतु शब्दांमागून संभाव्य शब्द जुळवीत जाणारे हे यंत्र कधी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचाही आधार देते, आणि तोही तितक्याच ठाम स्वरात. ज्याने मूळ ग्रंथ कधी उघडलाच नाही, त्याला ही चूक कशी कळावी? आणि हाच विद्यार्थी उद्या शिक्षक, वकील किंवा वैद्य होणार आहे.

केवळ बंदी घालून हा प्रश्न सुटेल असे वाटत नाही. गाइडांना नावे ठेवून गाइडे गेली नाहीत. उत्तराबरोबर त्याचा आधार मागावा, लिहिलेले तोंडी समजावून सांगावयास लावावे, यंत्राचे उत्तर मूळ ग्रंथाशी ताडून त्यातील दोष शोधण्याचेच काम द्यावे. यासाठी वर्ग लहान हवेत आणि शिक्षक पुरेसे हवेत. हा खर्च टाळून विद्यार्थ्यालाच आळशी ठरविणे सोपे आहे. पण त्याने विद्या वाढणार नाही.