शिपाई मिळविणे आणि शिपाई टिकविणे : मैंदर्गीच्या निमित्ताने काही विचार

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे महाराष्ट्र-कर्नाटक सीमेलगतचे नगरपरिषदेचे गाव. घरात कानडी आणि कचेरीत मराठी असा ह्या भागातील पुष्कळ कुटुंबांचा व्यवहार आहे. पोलीस शिपायांची भरती निघाली म्हणजे येथील तरुणाला सोलापूर ग्रामीण दल, सोलापूर शहर आयुक्तालय किंवा राज्य राखीव पोलीस दलाचा सोलापूर येथील गट असे मार्ग जवळचे असतात. तो अनुसूचित जातीचा असेल तर ‘बार्टी’, मराठा वा कुणबी असेल तर ‘सारथी’, इतर मागासवर्गीय किंवा विमुक्त-भटक्या जमातीचा असेल तर ‘महाज्योती’ आणि अल्पसंख्याक समाजाचा असेल तर अल्पसंख्याक विकास विभाग, अशा वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांकडून भरतीपूर्व प्रशिक्षणाचे साहाय्य देण्याच्या योजना झालेल्या आहेत. विशिष्ट समाजांतून पोलीस मिळावेत म्हणून सरकारने पैसा खर्च करावा, ही कल्पना ह्या योजनांमुळे अगदी अलीकडची वाटते. वस्तुतः ती दोन शतकांहून जुनी आहे. ह्या दोन शतकांत तो पैसा दलाच्या दाराशी खर्च झाला की दाराच्या आत, एवढाच प्रश्न येथे विचारावयाचा आहे.

इंग्रजी अमलापूर्वी गावची राखण हे वतनाचे काम होते. देशावर महार, मांग, रामोशी आणि कानडी मुलखात तळवार, बेरड ही मंडळी ते करीत. मैंदर्गीच्या आसपास तळवार हे आडनाव आजही अपरिचित नाही. राखणदाराला रोख पगार नसे. जमीन, बलुते आणि मान ह्यांवर त्याचा निर्वाह चाले. अशा माणसाला टिकविण्याची वेगळी काळजी कोणास घ्यावी लागत नसे, कारण त्याला सोडून जाण्याची मोकळीकच नव्हती. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने आणि १८७४ च्या वतन कायद्याने ही जुनी चौकट मोडली नाही, तर लेखी करून पक्की केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे दुरुस्ती विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा रोख नेमका येथेच होता : तुटपुंज्या मोबदल्यावर सारे घराणे चोवीस तास सरकारच्या हुकमात अडकून पडते, हा त्यांचा आक्षेप. कनिष्ठ वतने रद्द होण्यास मात्र १९५९ साल उजाडावे लागले. वतनाने माणूस टिकवून धरला खरा; पण त्या टिकण्याला नोकरी म्हणता येणार नाही.

रोख पगार देऊन एखाद्या समाजाला बंदोबस्ताच्या कामी आणण्याचा मोठा प्रयोग आपल्या प्रांतात प्रथम खानदेशात झाला. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आल्यावर सात वर्षे भिल्लांविरुद्ध मोहिमा चालल्या. त्यांत माणसे मेली, मुलूख ओस पडला, आणि बंदोबस्त काही झाला नाही. १८२५ मध्ये एल्फिन्स्टनच्या सरकारने धोरण बदलले. एकीकडे भिल्ल एजन्सी नेमून जमीन, तगाई आणि बैल देऊन लोकांना शेतीवर बसवावयाचे, दुसरीकडे त्यांच्याचमधून एक पलटण उभी करावयाची, अशी ही दुहेरी योजना होती. पलटणीचे काम जेम्स आउट्रम ह्या तरुण अधिकाऱ्याकडे आले. धरणगाव हे तिचे ठाणे. आरंभी मोजकेच लोक पुढे आले, कारण हा आपल्याला एकत्र गोळा करून नष्ट करण्याचा डाव आहे अशी वदंता पसरली होती; आणि मागील सात वर्षांचा अनुभव पाहता तिला अविचारी म्हणवत नाही. आउट्रमने त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या आणि त्यांच्याच पहाऱ्यात तो निर्धास्त राहिला, असे त्याचे चरित्रकार कौतुकाने सांगतात. ह्या कथांत शौर्यपूजेचा भाग बराच आहे. माझ्या मते पलटण टिकली ती शिकारीमुळे नव्हे. शिपायाला नियमित पगार मिळत होता आणि त्याच वेळी त्याच्या भाऊबंदांना जमीन व तगाई मिळत होती. म्हणजे सरकारचा पैसा शिपायापाशी न थांबता त्याच्या पाड्यापर्यंत पोचत होता. १८९१ मध्ये ही पलटण जिल्हा पोलिसांत विलीन होईपर्यंत तिने सहा दशकांहून अधिक काळ काढला. जंगलातील माणसाला जंगलातील माणसाविरुद्ध उभे करण्याचा साम्राज्याचा हेतू त्यात होता, हेही अर्थात विसरता येत नाही.

खानदेशातील ह्या व्यवहारात सरकार आणि शिपाई ह्यांच्यामध्ये समाजाची स्वतःची अशी संस्था नव्हती. एजन्सी होती तीही सरकारचीच. लोकांनी स्थापिलेल्या संस्थेला सार्वजनिक निधीतून अनुदान द्यावयाचे आणि तिने आपल्या समाजातील मुले पुढील संधीसाठी तयार करावयाची, ही आजच्या योजनांची खरी पूर्वपीठिका पाहण्यास सोलापुरातच यावे लागते. जुलै १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूर येथे दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा चाळीस रुपयांचे साहाय्य दिले. रक्कम क्षुल्लक होती. परंतु अनुदान, संस्था आणि उमेदवार ही साखळी तिच्यात स्पष्ट दिसते. १९२८ मध्ये ह्याच सभेने सायमन कमिशनला सादर केलेल्या निवेदनात लष्कर, आरमार आणि पोलीस ह्यांत अस्पृश्यांच्या भरतीचा हक्क मागितला. त्याच वर्षी नेमलेल्या स्टार्ट समितीवर डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी, ठक्करबाप्पा ही मंडळी होती. १९३० च्या तिच्या अहवालात वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या ह्यांच्याबरोबर पोलीस खात्यातील प्रवेशाचाही विचार झाला. ह्या क्रमाला महत्त्व आहे. ज्यांच्यासाठी दारच बंद होते त्यांच्या बाबतीत तयारीचा पैसा आणि प्रवेशाचा हक्क ह्या मागण्या एकत्रच कराव्या लागत होत्या. एकीवाचून दुसरी व्यर्थ होती.

समितीचे अध्यक्ष स्टार्ट हे ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींच्या वसाहतींचे अधिकारी म्हणून प्रसिद्ध होते, आणि अशी एक मोठी वसाहत सोलापुरातच होती. तारेच्या कुंपणातील लोक सोलापूरच्या गिरण्यांत राबत आणि हजेरी देत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. ज्यांच्यावर पोलिसांची नजर ठेवणे हेच सरकारचे काम होते, त्याच विमुक्त जमातींच्या मुलांना पोलीस होण्यासाठी आज ‘महाज्योती’ प्रशिक्षण देते. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव अद्याप लोकांच्या तोंडी असताना ह्या बदलाची लांबी मोजण्यास वेगळे साधन नको.

मुस्लिम समाजाच्या बाबतीत सच्चर समितीने २००६ मध्ये पोलीस दलांतील अल्प प्रमाणाकडे लक्ष वेधले. महाराष्ट्रात २००८ मध्ये अल्पसंख्याक विकास विभाग स्थापन झाला, आणि त्यानंतर स्वयंसेवी संस्थांमार्फत अल्पसंख्याक उमेदवारांना भरतीपूर्व प्रशिक्षण देण्याची योजना आली. धावण्याचा सराव, गोळाफेक, अंकगणित, बुद्धिमापन, मराठी व्याकरण असे त्याचे स्वरूप. पन्नास गुणांची शारीरिक चाचणी आणि शंभर गुणांची लेखी परीक्षा ह्यांना धरूनच ते आखलेले असते. त्यात वावगे काही नाही. ज्याच्या घरात सरकारी नोकरीची परंपरा नाही त्याला सोळाशे मीटर धावणे कसे मोजतात हेही कोणी तरी सांगावे लागते.

पण ह्या सर्व योजनांचा हिशेब निवड यादीपाशी संपतो. संस्थेची कामगिरी किती उमेदवार लागले ह्यावर ठरते. लागलेला उमेदवार पुढे कोणत्या ठाण्यात गेला, त्याला निवासस्थान मिळाले की नाही, पदोन्नतीच्या वेळी तो कोठे होता, हा तिच्या अनुदानाचा विषय नाही. इंग्लंडमध्ये १९९९ च्या मॅक्फर्सन अहवालानंतर गृहखात्याने अल्पसंख्याकांची भरती, टिकाव आणि बढती अशी तिन्ही उद्दिष्टे एकत्र जाहीर केली होती. आपल्याकडे आरक्षणाने जागा राखली जाते आणि अनुदानाने तयारी होते. टिकाव मात्र वेतन व निवृत्तिवेतनावर सोपविलेला असतो. सरकारी नोकरीचे आकर्षण पाहता शिपाई राजीनामा देऊन फारसे जात नाहीत, असे म्हटले जाईल. ते मान्य करूनही, नोकरीत राहणे आणि नोकरीत वर जाणे ह्या एक गोष्टी नव्हेत. वतनाच्या काळी माणूस टिकत होता तो वर जाण्याची वाट नसतानाच.

मैंदर्गीत ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. अनुदानाचे सारे गट जात आणि धर्म ह्यांवर बेतलेले आहेत. भाषेची अडचण त्यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाही. कानडी माध्यमाच्या शाळेतून आलेला मुलगा लिंगायत असो, मुसलमान असो की दलित असो, मराठी व्याकरणाच्या प्रश्नांपाशी सारखाच अडखळतो. १९६७ मध्ये महाजन आयोगाने अक्कलकोट भागातील गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घालण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने ती नाकारली, आणि हा मुलूख येथेच राहिला. उलट कर्नाटकातील ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तेथील मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्राच्या शासकीय सेवेसाठी, पोलीस भरतीसुद्धा, अर्ज करण्याची सवलत देण्यात आली आहे. सीमेपलीकडच्या मराठी तरुणासाठी राज्याने भाषेचा विचार केला; सीमेच्या अलीकडे, ज्या ठाण्याच्या हद्दीत फिर्यादी कानडीतच बोलतो, तेथे शिपायाला कानडी येणे हा भरतीच्या शंभर गुणांत एका गुणाचाही विषय नाही.