पुरावा उचलणारे हात

चोरीचा माग काढणे ही मराठी मुलखात एके काळी गावाची जबाबदारी होती. जागल्या, रामोशी किंवा महार पावलांचे ठसे ओळखत शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेला की तो पुढच्या गावाच्या हवाली होई आणि जिथे विरला त्या गावाला नुकसान भरून द्यावे लागे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या 1819 च्या अहवालात गावाच्या या जबाबदारीची नोंद आहे. गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यात अंमल निजामाचा असला तरी गावगाडा फारसा निराळा नव्हता. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. काम जातीने लादलेले होते, आणि उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावणारे दिव्यही त्याच काळातले. पण पुरावा पाहणारा, जपणारा आणि त्याचा अर्थ सांगणारा माणूस घटनास्थळी हजर असे. पुढच्या दोनशे वर्षांत ही सांगड तुटत गेली. प्रयोगशाळा वाढल्या तरी ती आपोआप जुळली नाही. म्हणून आज नांदेड-लातूरच्या तपासी अंमलदारांना आणि वकिलांना न्यायसहायक विज्ञानाचे हातात नमुना घेऊन दिलेले प्रशिक्षण मिळणे मला सर्वांत निकडीचे वाटते.

सांगड तुटण्याची सुरुवात ठगांच्या बंदोबस्तापासून दिसते. माफीच्या साक्षीदारांचे जबाब हा त्या खटल्यांचा कणा होता. त्यांनी दाखवलेल्या जागी प्रेते उकरली जात, पण आरोपीचे नाव जबाबातूनच येई. 1836 च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढेच जन्मठेपेला पुरेसे ठरवले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तोच विचार पुढे नेऊन अख्ख्या जमातींवर शिक्का मारला. तो कायदा 1952 साली रद्द झाला, तरी चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायची सवय मराठवाड्यात त्यानंतरही टिकली. वस्तू काय सांगते हे वाचता येत नसले की माणूस कुठल्या जातीचा हे वाचले जाते. या प्रशिक्षणाकडे मी आधी निरपराधांचे संरक्षण म्हणून पाहतो ते यासाठी.

दुसरीकडे विज्ञान शहरांत वाढत होते. मुंबईत सरकारी रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा 1870 साली निघाली, कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग 1897 साली. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबईची न्यायसहायक प्रयोगशाळा 1958 ची. म्हणजे राजधानी हैदराबादहून मुंबईला गेली, पण रक्ताचा डाग जिथे पडला तिथून तो तपासणारा माणूस दूरच राहिला. रासायनिक विश्लेषकाच्या (केमिकल अ‍ॅनालायझर) अहवालाला कोर्टात अजूनही ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, आणि त्याची वाट पाहणे हा खटल्याचा ठरलेला टप्पा असतो.

या अंतराची किंमत मानवत प्रकरणात दिसते. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला 1972 ते 1974 या काळात मुली आणि स्त्रियांचे एकामागून एक खून झाले. तपासाला मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना यावे लागले. कटाचे सूत्रधार म्हणून ज्या जोडप्यावर खटला चालला, ते शेवटी वरच्या न्यायालयात सुटले. खटला पुन्हा माफीच्या साक्षीदारावर उभा होता, आणि अशा साक्षीला स्वतंत्र दुजोरा लागतो. तो दुजोरा पहिल्या काही तासांत जमिनीवर, कपड्यांवर, हत्यारावर शोधायचा असतो.

यावर पहिला आक्षेप असा की खरी अडचण प्रयोगशाळांच्या तुटवड्याची आहे. ती आहेच. नांदेडला प्रादेशिक प्रयोगशाळा झाली हे चांगलेच झाले. पण ओला रक्ताळलेला सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की तो कुजतो; तो सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचा असतो. विषबाधेतला व्हिसेरा, म्हणजे मृताच्या आतड्या-यकृतासारख्या अवयवांचे नमुने, सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, आम्लाचे विष असेल तर मद्यार्कात. कीटकनाशकाने इतके मृत्यू होणाऱ्या या भागात हा तपशील किरकोळ नाही. नमुना मोहर आणि पाकिटावरची मोहर जुळली नाही, मुद्देमाल कोणाच्या ताब्यात कधी होता याची साखळी तुटली, तर उत्तम यंत्रातून आलेला अहवालही बचाव पक्ष दहा मिनिटांत निकामी करतो. बिघडलेला नमुना कुठलीही प्रयोगशाळा दुरुस्त करू शकत नाही.

दुसरा आक्षेप नव्या कायद्याचा आधार घेतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) प्रमाणे, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक होणार आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. मग हवालदाराला कशाला शिकवायचे? कारण किनवट नांदेडपासून शंभर किलोमीटरहून दूर आहे. तज्ज्ञांची गाडी पोहोचेपर्यंत गर्दी आवरणारा, पावसापासून ठसा झाकणारा माणूस ठाण्यातलाच असतो.

वकिलांनी नमुन्याला हात लावायची गरज काय, हा तिसरा प्रश्न. त्याच संहितेचे कलम 329 ठरावीक सरकारी तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेऊ देते. त्यामुळे तज्ज्ञाला बोलवायचे कधी आणि विचारायचे काय, हे वकिलालाच कळावे लागते. ज्याने कधी पाकीट सीलबंद केले नाही, त्याला ते कुठे उघडले गेले असेल याचा संशय कसा येणार?

अर्धवट ज्ञान घातक ठरेल, हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. विज्ञानाच्या नावाने नार्को चाचणीचा केवढा बोलबाला झाला होता! 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना ती करता येणार नाही असे सांगितले. म्हणून दोन दिवसांच्या व्याख्यानांना मी प्रशिक्षण म्हणणार नाही. लातूरजवळ बाभळगावला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथे पोलिसाने नमुना उचलावा, विश्लेषकाने तो तपासावा आणि वकिलाने त्याच नमुन्यावर दोघांची उलटतपासणी घ्यावी. कोणत्या डागावरून काय सिद्ध होत नाही, हे तिघांना एकाच टेबलाशी कळले, तरच त्या प्रशिक्षणावर खर्च व्हावा.