सेवाव्रताचे सभासद

पुण्यास फर्ग्युसन कॉलेजच्या मागील टेकडीवर १२ जून १९०५ रोजीं चार माणसें जमलीं होतीं. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं प्रथम स्वतः शपथ घेतली आणि मग ती नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत पटवर्धन यांना दिली. भारत सेवक समाजाची स्थापना ती हीच. एवढ्या अवाढव्य देशासाठीं चारच सेवक! शहरांतील एखाद्या सेवासंघास उद्घाटनाच्या चहापानालाच याच्या दसपट सभासद मिळतात. वर्षअखेर त्यांतले किती उरतात, तें त्या संघाच्या चिटणीसासच ठाऊक.

गोखल्यांनीं दार मुद्दाम अरुंद ठेविलें होतें. नव्या उमेदवारास पांच वर्षें शिकाऊ म्हणून काढावीं लागत. वाचन करावें, देश पाहावा, आणि मग सात शपथांनीं बांधून घ्यावें, असा क्रम होता. त्या शपथांपैकीं दोन विशेष लक्षांत घेण्याजोग्या आहेत. समाज जी तरतूद करील तींत समाधान मानून स्वतःसाठीं द्रव्यार्जन करावयाचें नाहीं, ही एक. आणि कोणाशींही वैयक्तिक भांडण करावयाचें नाहीं, ही दुसरी. देशभक्तीच्या व्रतांत भांडणाचें कलम कशाला, असें वाचणाऱ्यास वाटेल. पण गोखल्यांनीं हें कलम अनुभवाच्या शाळेंत शिकून घातलें होतें. १८८४ मध्यें निघालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद वीस वर्षें अल्प वेतनावर शिकविण्याचें वचन देत. तेथें बाहेरच्या मिळकतीवरून वाद माजला, मनें दुरावलीं, आणि १८९० मध्यें टिळकांसारखा पुरुष संस्थेबाहेर पडला. गोखले स्वतः मात्र १९०२ पर्यंत तेथें टिकले. तेव्हां माणूस संस्थेंतून कां जातो, हें त्यांना जवळून दिसलें होतें. ध्येय विटल्यामुळें जाणारे थोडे, पैसा आणि मानापमान यांवरून जाणारेच फार.

अरुंद दाराचे तोटेही होते. १९१५ मध्यें गोखल्यांच्या निधनानंतर गांधीजी सभासद होऊं पाहत होते. त्यांच्या मतांवरून सेवकांत दुफळी होऊं लागली, तेव्हां त्यांनीं आपला अर्ज आपण होऊन मागें घेतला. संस्थेची एकी राहिली, गांधी मात्र बाहेर राहिले. त्याच्या आदल्या वर्षीं, १९१४ मध्यें, मुंबईची इंजिनिअरची नोकरी सोडून अमृतलाल ठक्कर समाजांत आले होते. हेच पुढें ठक्करबाप्पा. १९२२ मध्यें त्यांनीं दाहोदकडे भिल्ल सेवा मंडळ काढलें. १९५१ मध्यें देह ठेवीपर्यंत ते गोखल्यांच्या व्रताशीं बांधलेले राहिले.

परंतु डोंगरी मुलखांत एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान. शेजारचें मोखाडें इंग्रजी अमलाच्या ठाणें जिल्ह्यांत. (२०१४ पासून दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत आहेत.) वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची ही वस्ती, नाचणी-वरईची डोंगरउतारावरची शेती. सेवक पुण्यामुंबईहून येई आणि डोंगरांतला माणूस सेवा घेई. सभासदांच्या यादींत सेव्याचें नांव घालावें, हें फारसें कोणास सुचलें नव्हतें.

तें ज्यांना सुचलें त्या गोदावरी परुळेकर याच भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री-सभासद होत्या. त्या आणि शामराव परुळेकर समाजांतून बाहेर पडले. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान परिषद भरली, तिला वारली आले, आणि त्यानंतर डहाणू-उंबरगांवकडे किसान सभा गांवोगांव पोचली. येथें पांच वर्षांची उमेदवारी नव्हती, शपथेचा मसुदा नव्हता. जमीनदाराच्या वेठीस जाणार नाहीं, एवढें ज्यानें ठरविलें तो सभेचा. दार सताड उघडें; पण उंबरठा ओलांडण्याची किंमत गोखल्यांच्या शपथांहून कमी नव्हती. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाड्याच्या गोळीबारांत जेठ्या गांगड मारला गेला. पुढील वर्षीं जंगलतोडीच्या मजुरीसाठीं संप झाला आणि परुळेकरांना जिल्ह्याबाहेर घालविण्यांत आलें. पुढारी गेले म्हणून सभा मात्र मोडली नाहीं. सभासद टिकल्याची याहून कठीण परीक्षा शहरांतल्या कोणत्याही संघास द्यावी लागलेली नाहीं.

कोणतीही शपथ न घेतां टिकणारेही असतात. १९४५ मध्येंच ताराबाई मोडकांच्या हाताखालीं काम करण्यास अनुताई वाघ बोर्डीस आल्या. बालवाडी पुढें कोसबाडच्या टेकडीवर गेली आणि अनुताई १९९२ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्याच कामांत राहिल्या. सत्तेचाळीस वर्षें!

जव्हार-मोखाड्यांत आज संस्था पुष्कळ आहेत. गोखल्यांच्या नांवानें १९१८ मध्यें निघालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीचें कॉलेज जव्हारला आहे. १९९२-९३ मध्यें जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणीस कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हांपासून बाहेरच्या मदतीचा या बाजूस राबता वाढला. परंतु येथें सभासद टिकविणें म्हणजे काय, हें बैठकीच्या दिवशीं कळतें. भाताची कापणी आटोपली कीं कुटुंबेंच्या कुटुंबें भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. घरीं म्हातारीं माणसें राहतात. दिवाळीनंतर बोलाविलेल्या सभेस निम्मा गांव नसतो आणि हजेरीपट उघडून सभासद गळाले असें लिहिणारा चिटणीस फसतो. तीं माणसें गळालेलीं नसतात, तीं वीटभट्टीवर असतात. होळीला तीं घरीं येतात. ज्या कार्यकर्त्यांना हा मुलूख कळला आहे, ते आपली मोठी बैठक होळीच्या सुमारासच ठेवतात.