मायानगरीचे मेस्त्री

चित्रपट पाहून घरीं परतणारा प्रेक्षक नटाचें नांव घेतो, गाणें गुणगुणतो. पण ज्या राजवाड्यांत तें गाणें झालें तो उभा कोणीं केला, हें क्वचितच विचारतो. सामाजिक कथेला एखाद्याचा दिवाणखाना उसना मिळतो. इंद्रसभा मात्र कोठेंही भाड्यानें मिळत नाहीं! ती घडवावीच लागते. ही घडण महाराष्ट्रांत कशी सिद्ध झाली, तें आज सांगावयाचें आहे.

तिचें मूळ नाटकाच्या पडद्यांत आहे. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळीं महाल, उपवन, अरण्य हीं सारीं कापडावर रंगविलेलीं असत. प्रेक्षकाची जागा ठरलेली, म्हणून रंगभूमीवर तें साजे. कॅमेऱ्याचा डोळा मात्र निर्दय! वाऱ्यानें कापड हाललें कीं राजवाडा हालतो. रंगविलेल्या खांबावर नटाची सावली पडली कीं खांबाचें सपाटपण उघडें पडतें.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे आडनांवानें मेस्त्री आणि स्वतः असे पडदे रंगविणारे. आपल्याच विद्येची ही उणीव त्यांनीं ओळखली. ‘सैरंध्री’ (१९२०) या मूकपटापासून त्यांनीं पडदा दूर सारून लांबी, रुंदी आणि खोली असलेले देखावे उभारले. लाकडी सांगाडा, त्यावर कापड वा फळ्या, वर प्लास्टरची नक्षी आणि शेवटीं रंग, अशी या कामाची रीत. त्या काळच्या फिल्मवर तांबडा रंग काळा उमटे आणि निळा पांढुरका. तेव्हां भिंत डोळ्यांना कशी दिसते यापेक्षां फिल्मवर कशी उतरेल, हें जाणणें हीच रंगाऱ्याची परीक्षा.

दामले आणि फत्तेलाल हे त्यांच्याच तालमींत तयार झाले. १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेल्या ‘प्रभात’ कंपनीचे हे दोघे संस्थापक. तिचा ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट १९३२ चा. दिग्दर्शन शांतारामबापूंचें, राणी दुर्गाबाई खोटे, आणि देखाव्यांची धुरा फत्तेलालांकडे. विरक्त मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्याच्या वैभवांत गुंतलेले दिसतात. शिष्य गोरख व्याकुळ होतो. शेवटीं सारी गुरूचीच माया ठरते. आतां विचार करा: तें वैभव पोकळ दिसलें असतें, तर गोरखाचें दुःखही पोकळ ठरलें असतें. माया खरी भासली, तरच ती माया होती हा बोध मनाला भिडतो. म्हणजे सजावट ही येथें कथेचा अलंकार नव्हे, तर तिचा पाया आहे.

पण या पायाचें नशीब विलक्षण! शेवटचें दृश्य टिपलें कीं राजवाडा मोडावयाचा; त्याचींच लाकडें पुढच्या राजवाड्यास लावावयाचीं. ‘सैरंध्री’ तर चित्रपट म्हणूनही आज पाहावयास मिळत नाहीं. १९३३ सालीं ‘प्रभात’ पुण्यास आली. त्या जागीं १९६० पासून चित्रपटविद्येची सरकारी संस्था नांदत आहे. मालकांचीं नांवें इतिहासानें जपलीं. सुतारांचीं, रंगाऱ्यांचीं बहुतेक पुसलीं गेलीं.

मीं जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला. ताजमहाल म्हटला कीं मुलें शहाजहानचें नांव सांगत. दगड घडविणाऱ्यांचें नांव कोणीच सांगत नसे, आणि मींही तें कधीं विचारलें नाहीं. ती चूक मला उशिरा उमगली. म्हणून एवढेंच मागणें: पुढच्या खेपेस एखादी मायानगरी पडद्यावर पाहाल, तेव्हां क्षणभर नायकावरून नजर काढा आणि त्याच्या मागच्या खांबाकडे पाहा. त्या खांबावर कोणाचें तरी नांव लिहावयाचें राहून गेलें आहे.